दुपारी एक ते तीन बाळाकडे कोण बघतं?

पुण्यातल्या एका आईचं पत्र आलं आहे. ओळख गाळून त्यातला मजकूर थोडक्यात असा:

'माझा मुलगा सात महिन्यांचा आहे. बाळंतपणाची रजा संपली आणि गेल्या महिन्यात मी कामावर रुजू झाले. आमच्या सोसायटीजवळच एका काकूंचं घरगुती पाळणाघर आहे, तिथे त्याला ठेवते. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतची अकरा मुलं, काकू आणि मदतीला एक मावशी. काकू फार प्रेमळ आहेत, त्यांना बघितलं की तो हात पुढे करतो. परवा अर्धी रजा मिळाली म्हणून न सांगता दुपारी दोनला गेले. आतल्या खोलीचं दार लोटलेलं, पडदे ओढलेले. बाळ पालथं झोपलेलं, गालाखाली सासूबाईंनी शिवून दिलेली मोहरीची उशी, खांद्यापर्यंत गोधडी. शेजारी तीन वर्षांची मुलगी, तिचा पाय जवळजवळ त्याच्या पाठीवर. खोलीत मोठं माणूस कुणीच नाही. काकू स्वयंपाकघरात, मावशी गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. काकू म्हणाल्या, "अहो हळू, आत्ता कुठे सगळ्यांचा डोळा लागलाय." मी काही न बोलता त्याला उचलून घरी आणलं. तेव्हापासून मला धड झोप नाही. सासूबाई म्हणतात, आमची मुलं पालथीच झोपली आणि धडधाकट वाढली. नवरा म्हणतो, दुप्पट फी गेली तरी चालेल, कॅमेरेवाल्या मोठ्या डे-केअरमध्ये घालू, निदान फोनवर दिसेल तरी. काकूंना बोलले तर त्या दुखावतील आणि राग बाळावर निघेल, अशीही भीती वाटते. मी उगाच बाऊ करतेय का?'

नाही, बाऊ अजिबात करत नाही आहात. पण तुमचं पत्र पुन्हा वाचताना वाटलं, की त्या खोलीत ज्या गोष्टीने तुमच्या काळजात धस्स झालं, ती तिथली सगळ्यात मोठी चूक नसावी. आणि नवऱ्याला ज्या कॅमेऱ्याचा आधार वाटतोय, तो आधार दिसतो तेवढा पक्का नाही. दोन्हींबद्दल सांगते.

आधी पालथं झोपण्याबद्दल. तान्ह्या बाळाला झोपवताना उताणंच झोपवायचं, पालथं नाही, कुशीवरही नाही, यावर आता जगभरचे बालरोगतज्ज्ञ एकमताने बोलतात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९२ मध्ये बाळाला पालथं झोपवू नका असा सल्ला दिला आणि १९९४ पासून तिथे त्याची देशभर मोहीम झाली. त्यानंतरच्या काही वर्षांतच झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण तिथे निम्म्याहून खाली आलं. ना नवी लस, ना नवं औषध. घरोघरी बाळं उताणी झोपवायला लागले, एवढाच काय तो मुख्य बदल. त्याआधी तिथले डॉक्टरच पालथं झोपवा म्हणून सांगायचे, तेव्हा सासूबाईंना एकट्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

मात्र तुमचा मुलगा सात महिन्यांचा आहे. तो स्वतःहून पालथा पडतो का, आणि पालथ्याचा पुन्हा उताणा होतो का, हे पत्रात आलेलं नाही आणि सगळं त्यावर अवलंबून आहे. दोन्ही बाजूंनी सहज वळता येणाऱ्या बाळाला उताणं झोपवायचं, पण झोपेत ते आपणहून पालथं झालं तर दर वेळी उठून सरळ करत बसायची गरज नाही, असंच डॉक्टर सांगतात. म्हणजे तुम्ही पाहिलंत तो कदाचित काकूंनी उताणा ठेवलेला आणि स्वतःच वळलेला मुलगा असेल. त्यांना अजून हे विचारलेलंच नाही तुम्ही. आधी विचारा.

तो अजून नीट वळत नसेल आणि त्याला कुणी थोपटून थोपटून पालथं झोपवलं असेल, तर मात्र ते आजच थांबलं पाहिजे. घरी नेहमी उताणं झोपणाऱ्या बाळाला दुसऱ्या कुणी पालथं झोपवलं तर त्याला असलेला धोका सवयीने पालथं झोपणाऱ्या बाळापेक्षाही जास्त असतो, असं अभ्यासांतून दिसलं आहे. अमेरिकेत अशा मृत्यूंमधले अपेक्षेपेक्षा बरेच जास्त पाळणाघरांत आणि बाळ सांभाळणाऱ्या बायकांकडे होतात असं लक्षात आलं, तेव्हा कारणांमध्ये हेही एक निघालं. त्यातले जवळजवळ एक तृतीयांश तर बाळ तिथे जायला लागल्याच्या पहिल्याच आठवड्यातले होते. घरच्या सवयी दुसऱ्या घरी सांगायच्या राहून गेल्या की काय होतं ते यातून दिसतं. म्हणून तीन-चार महिन्यांचं बाळ पाळणाघरात ठेवायची वेळ ज्यांच्यावर येते त्यांनी तर पहिल्याच दिवशी झोपेबद्दल बोलावं. दूध किती, डायपर कुठे, कपडे कुठल्या पिशवीत हे आपण सगळं सांगतो. झोपवायचं कसं हे सांगायचं कुणाच्या मनातही येत नाही.

आता त्या खोलीतल्या बाकीच्या गोष्टी बघू. मला जास्त काळजी त्यांची वाटली.

मोहरीच्या उशीपासून सुरू करते. डोकं गोल व्हावं म्हणून आपल्याकडे ही उशी मोठ्या हौसेने शिवली जाते, बाळंतविड्यातही देतात. मऊसूत कापड, आत मोहरी, मधोमध खळगा. बाळ उताणं असताना ती निरुपद्रवी दिसते. पालथं झालं की नाक-तोंड नेमकं त्या खळग्यात जातं. एवढ्याशा बाळाचं डोकं शरीराच्या मानाने जड आणि मानेत जोर कमी. तोंडाभोवती मऊ कापड असेल तर स्वतःचाच उच्छ्वास पुन्हा पुन्हा आत घेतला जातो, प्राणवायू कमी पडत जातो आणि बाळ रडत नाही की धडपडत नाही. मोठा माणूस अशा वेळी झोपेतही मान वळवतो. काही बाळांना तेवढी जाग येत नाही. गोधडीचंही तेच, फक्त ती वरून येते. आणि ती उशी काकूंनी आणलेली नाही, तुमच्याच पिशवीतून गेली आहे. दोष लावायला सांगत नाही. पण काकूंशी बोलण्याआधी घरात बोलावं लागेल ते यासाठी. डोकं चपटं होईल ही सासूबाईंची काळजी खरी आहे, तिचा उपाय वेगळा आहे. बाळ जागं असताना, कुणीतरी समोर बसलेलं असताना त्याला दिवसातून बऱ्याचदा पालथं घालायचं, आणि झोपवताना तोंड कधी खिडकीकडे तर कधी भिंतीकडे करायचं. उशी द्यायचीच असेल तर बाळ दीड-दोन वर्षांचं झाल्यावर द्या.

गादीबद्दल एक साधी परीक्षा आहे. तळवा दाबून उचला. खळगा तसाच राहिला तर ती गादी बाळासाठी नाही. नुकताच कापूस पिंजून भरलेली जाड गादी यात नापास होते. पातळ, घट्ट, सपाट गादी आणि तिच्यावर ताणून बसवलेली चादर पुरे. वर काही नको: उशी नको, लोड नको, टेडी नको, आणि उजेड डोळ्यांवर येतो म्हणून चेहऱ्यावर टाकलेली ओढणी तर मुळीच नको. थंडी असेल तर पांघरुणाऐवजी अंगात एखादा जास्तीचा कपडा. घरात टोपडं नको, त्याने अंगातली उष्णता कोंडते. एप्रिल-मेमध्ये तर पुण्यात एक सुती झबलं भरपूर झालं. गळ्यात काळा दोरा, साखळी किंवा ताईत असेल तर झोपवताना काढायचा. दृष्ट लागू नये म्हणून बांधायचाच असेल तर पायात बांधा.

शेजारी झोपलेली ती तीन वर्षांची पोरगी. तिचा बिचारीचा काही दोष नाही, मुलं झोपेत घड्याळाच्या काट्यासारखी फिरतात. पण एक वर्षाच्या आतल्या बाळाला स्वतःची वेगळी जागा लागते. लाकडी क्रिब नसेल तर जमिनीवर वेगळी गादी, मोठ्या मुलांपासून लांब, मध्ये चालायला वाट. घरगुती पाळणाघरात हे जमण्यासारखं आहे, खर्चाचंही नाही. झोळीबद्दल अनेकजणी विचारतात म्हणून इथेच सांगते: झोळीत बाळ कमानीसारखं वाकतं, हनुवटी छातीला टेकते आणि लहान बाळाची श्वासाची वाट दबते. झोका देऊन डोळा लागला की उचलून सपाट जागी ठेवावं. त्यात दोन तास सोडून जाऊ नये.

आणि आता ते लोटलेलं दार.

मला विचाराल तर तुमच्या पत्रातली सगळ्यात गंभीर ओळ तीच: 'खोलीत मोठं माणूस कुणीच नाही.' बाकी सगळं तासाभरात सुधारता येईल. पण मुलं झोपली म्हणजे आपलं काम थांबलं, ही समजूत आपल्या सगळ्यांच्या हाडीमाशी भिनलेली आहे. घरी आपणही तेच करतो ना, बाळ झोपलं रे झोपलं की भांडी, कपडे, फोन. घरात एक बाळ असतं आणि आपला एक कान तिकडे असतो. पाळणाघरात अकरा मुलं आणि दोन बायका आहेत. सकाळपासून भरवणं, पुसणं, भांडणं सोडवणं यात त्यांना पाठ टेकायला मिळत नाही. एक ते तीन एवढाच काय तो त्यांचा दम घ्यायचा वेळ. काकू स्वयंपाकघरात होत्या म्हणजे बहुधा स्वतःचं राहिलेलं जेवण उरकत होत्या, किंवा चारच्या खाण्याची तयारी करत होत्या. त्या बेजबाबदार आहेत असं मला तुमच्या पत्रावरून वाटलं नाही. त्या दोघींनी एकाच वेळी पाठ फिरवली, चूक तेवढी आहे.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात याचा नियमच आहे. तिथल्या परवानाधारक पाळणाघरात दोन वर्षांच्या आतलं बाळ झोपलं की दर पंधरा मिनिटांनी जवळ जाऊन बघायचं आणि कागदावर नोंद करायची. श्वास नीट चाललाय का, अंग फार गरम नाही ना, एवढं बघायचं. तान्ह्यांच्या वर्गात जागेपणी चार बाळांमागे एक शिक्षिका लागते. एक वर्षाच्या आतल्या प्रत्येक बाळासाठी त्याच्या झोपेच्या सवयींचा वेगळा फॉर्म असतो. तिकडे असणाऱ्या वाचकांनी तो भरताना घाई करू नये, आजी काय करते तेही त्यात लिहावं. आपल्याकडे २०१८ मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने कामाच्या ठिकाणच्या पाळणाघरांसाठी किमान मार्गदर्शक सूचना काढल्या. पण गल्लीतल्या घरगुती पाळणाघरात दुपारी दोनला जाऊन गाद्या चाचपणारा सरकारी माणूस मी तरी पाहिलेला नाही. ते काम आई-बापांनाच करावं लागतं, आणि तुम्ही ते केलंत.

तेव्हा काकूंकडे मागायचं ते एवढंच: मुलं झोपलेली असताना दोघींपैकी एक जण खोलीत, दार उघडं, पडदा बाळाच्या ओठांचा रंग दिसेल इतपत बाजूला. तिथे बसून मटार सोला, मेथी निवडा, कपड्यांच्या घड्या घाला. फक्त मोबाइलमध्ये डोकं घालू नका आणि स्वतः झोपू नका. दर पंधरा मिनिटांनी उठून तान्ह्यांच्या जवळ जायचं, चेहरा झाकलेला नाही आणि छाती हलते आहे एवढं बघायचं. एकीचं जेवण झालं की दुसरीने उठायचं. नवा माणूस लागत नाही. कपडे तीननंतरही वाळतात.

कॅमेऱ्याचं काय? असला तर असू द्या, वाईट नाही. पण २०१६ च्या नोव्हेंबरात खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला मारहाण झाली, ती सगळी कॅमेऱ्यात टिपली गेली होती. कॅमेऱ्याने पुरावा दिला, तिला वाचवलं नाही. झोपेच्या बाबतीत तर तो आणखीनच लंगडा आहे. अंधाऱ्या खोलीतलं बोटभर चित्र, त्यात पांघरुणाचा एक उंचवटा. बाळ श्वास घेतंय की नाही हे त्यात तुम्हाला कळणार नाही, आणि कळलं तरी तुम्ही हिंजवडीत मीटिंगमध्ये, मध्ये वाकडचा ट्रॅफिक. त्या डे-केअरमध्ये जाऊन बघायचं असेल तर जरूर जा, पण दुपारी जा. सकाळी अकराला सगळीच ठिकाणं छान दिसतात, भिंतीवर फुलपाखरं असतात. 'झोपायच्या वेळी आत जाऊ देत नाही, मुलं उठतात' असं कुणी म्हटलं तर फी कितीही असो, माझ्या मते ते नापास. झोपेच्या खोलीत काचेची खिडकी आहे का, दर तान्ह्याची वेगळी जागा आहे का, दुपारी नेमके किती जण कामावर असतात, बाळाचा श्वास अडकला तर काय करायचं याचं प्रशिक्षण कुणी घेतलंय आणि ती व्यक्ती दुपारी तिथे असते का, हे विचारा. हाच प्रश्न काकूंनाही विचारा. उत्तर 'मी १०८ ला फोन करीन' एवढंच आलं तर ॲम्ब्युलन्स येईपर्यंतची मिनिटं कोण सांभाळणार हे राहिलंच. छाती दाबून श्वास देण्याचं तान्ह्या बाळांसाठीचं प्रशिक्षण कुठे मिळेल हे तुमच्या बालरोगतज्ज्ञांना विचारा. पालकांनी मिळून दोघींची फी भरली तरी ती महिन्याच्या फीपुढे किरकोळ असेल.

तुम्ही विचारलेलं नाही, पण आणखी एक गोष्ट तपासा. 'आज मस्त दोन तास झोपला हो' हे वाक्य रोज ऐकू येत असेल आणि घरी मात्र मुलगा तासभरच झोपत असेल, तर औषधाचं थेट विचारा. सर्दीच्या काही औषधांनी गुंगी येते, आणि 'नाक वाहत होतं म्हणून दिलं' असं म्हणून ती दिली जातात. क्लोरफेनिरामिन आणि फिनायलेफ्रिन एकत्र असलेलं औषध चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा इशारा छापायला केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये कंपन्यांना सांगितलं आहे. तुमच्या लेखी सूचनेशिवाय एक थेंबही नाही, बाळगुटीसुद्धा नाही, हे पहिल्या दिवशीच ठरलेलं बरं. आणि दुधाची बाटली उशीला टेकवून, तोंडात देऊन निघून जाणं हेही नाही.

आता मुख्य अडचण, बोलायचं कसं. आपल्याकडे बालरोगतज्ज्ञांच्या नावावर बऱ्याच गोष्टी खपतात, त्याचा फायदा घ्या. पुढच्या लसीला जाल तेव्हा डॉक्टरांकडून त्यांच्या कागदावर चार ओळी लिहून घ्या: उताणं झोपवणे, उशी-पांघरूण नको, वेगळी गादी, झोपेत लक्ष ठेवणे. बाळ वेळेआधी जन्मलेलं किंवा कमी वजनाचं असेल तर तेही सांगून वेगळ्या सूचना विचारा. मग संध्याकाळच्या घाईत नको, शनिवारी जा, नवी पातळ गादी आणि चादर घेऊन. 'काकू, त्या दिवशी मी नुसती निघून गेले, ते मला बरं वाटलं नाही. तुमच्याकडे तो खूश असतो. पण डॉक्टरांनी हे लिहून दिलंय आणि उशी तर आमच्याकडूनच आली होती, ती मी घेऊन जाते. झोपेच्या वेळी तुमच्यापैकी कुणीतरी खोलीत बसाल का? कसं जमवता येईल, तुम्हीच सांगा.' शेवटचा प्रश्न खरोखर विचारा आणि उत्तर ऐका. पंधरा-वीस वर्षं मुलं सांभाळणाऱ्या बाईला आपल्यापेक्षा जास्त युक्त्या सुचतात. बाकीच्या दोन-तीन पालकांना आधी सांगून ठेवलंत तर आणखी चांगलं. एका आईची तक्रार आणि चार घरांची मागणी यात फरक पडतो.

सासूबाईंचं म्हणणं खोडायला जाऊ नका. त्यांची मुलं खरंच धडधाकट वाढली. बहुतेकांची वाढतात. जी दगावली त्यांच्याबद्दल त्या काळी घराघरांत 'अचानक गेलं' एवढंच म्हटलं जायचं आणि विषय बंद व्हायचा. हे त्यांना ऐकवायची गरज नाही, पण तुम्ही लक्षात ठेवा.

राहिली ती भीती, राग बाळावर निघेल ही. ती मनातून काढून टाका असं मी म्हणणार नाही. एवढ्या साध्या बोलण्याचा राग सात महिन्यांच्या बाळावर काढणारी बाई आहे असं तुम्हाला आतून खरोखर वाटत असेल, तर गादी आणि पडद्याची चर्चाच नको, उद्यापासून त्याला तिथे पाठवू नका. पण पत्रावरून मला तसं वाटत नाही. वाईटपणा घ्यावा लागेल या संकोचाने ती भीती मोठी केलेली दिसते. काकू थोड्या फुरंगटतील, एक-दोन दिवस 'हो, झोपवलं हं तुमच्या डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे' असे टोमणे येतील. चालतील तेवढे.

आणि काकू की मोठं डे-केअर, याखेरीज तिसरी वाट बघितलीत का? २०१७ च्या दुरुस्तीनंतर मातृत्व लाभ कायद्याने पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय करायला लावली, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जायची मुभा दिली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती तरतूद आहे. तुमच्या कंपनीच्या एचआरला ईमेलवर विचारा, तोंडी नको. चार भेटींतली एक दुपारी दोनची ठेवता येते.

काकूंकडेच ठेवायचं ठरलं तर पंधरा दिवस द्या. तोवर गादी वेगळी झाली, दार उघडं राहिलं आणि खोलीत कुणीतरी बसलेलं दिसलं, तर तिथेच राहू द्या. ओळखीची, जवळची, मुलाला आवडणारी जागा सोडण्याची किंमतही मोठी असते. दार पुन्हा लोटलेलं दिसलं तर दुसऱ्यांदा समजावत बसू नका, महिना अर्धा राहिला असला तरी काढा. बघायला मात्र या वेळी नवऱ्याला पाठवा. फोनवर बघण्यापेक्षा त्याने एक दिवस अर्धी रजा टाकावी आणि न कळवता, दोनच्या सुमाराला जावं.